तेलावरचा रंग

मार्गशीर्षातले ऊन हिरण्यकेशीच्या काठी उतरते ते पाऊल न वाजवता. आधी ते पैलतीरावरच्या उसाच्या तुऱ्यांना शिवते. रुपेरी, धूसर, वाऱ्याबरोबर लवणाऱ्या तुऱ्यांना. मग पाणी. मग पाण्यातले काळे, ओलेकंच खडक. मग घाटाच्या झिजल्या पायऱ्या. आणि सगळ्यांत शेवटी खालच्या आळीतली ती बुटकी, कौलारू, चामड्याच्या वासाची खोली.

गुऱ्हाळांचा धूर तेव्हा अजून हवेत तरंगत असतो. गोड धूर, जड धूर, मधाळ धूर. त्यात बाभळीच्या सालीचा तुरट वास मिसळतो. गोड आणि तुरट यांच्या त्या सीमेवर, खोलीच्या उंबऱ्याशी, निवृत्ती सातपुते आपल्या मशीनसमोर बसलेला असतो.

चामडे शिवायचे मशीन. कापडाच्या मशीनसारखे ते ऐसपैस नव्हे. त्याचा लोखंडी बाहू सडसडीत, पुढे झेपावलेला. पाणी प्यायला वाकलेल्या बगळ्याची जणू मान. त्या बाहूवर चप्पल चढवा, दप्तर चढवा, घोड्याचा लगाम चढवा. सुईशेजारचा पाय दाही दिशांना वळतो, आणि टाका जिथे म्हणाल तिथे पडतो. निवृत्तीच्या वडिलांनी, आबांनी, ते उमेदीच्या वयात मुंबईहून आणले होते. आणले तेव्हाही ते जुनेच होते, समुद्रापलीकडून आलेले होते.

आता ते पोपटी होते.

पोपटी, आणि जिथे पोपटी उडाले होते तिथे निळे, आणि जिथे निळे उडाले होते तिथे केशरी. त्याच्या अंगावर रंग नव्हते, वर्षे होती.

दर खंडेनवमीला आरी थांबते, रापी थांबते, ऐरण थांबते. त्या दिवशी हत्याराला हत्यार लावायचे नाही; ना सुरी, ना कानस, ना घासकागद. फक्त तीळतेल चोळायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडू वाहायचा. एवढीच आळीची रीत. तिला निवृत्तीने आपली एक रीत जोडली. बेंदराला लोक बैलांची शिंगे रंगवतात. निवृत्तीच्या दारी बैल नव्हता. त्याच्या घराचा नांगर ओढत आला तो हा लोखंडी जीव. मग त्याला रंग नको?

आबा गेले त्या वर्षी सोंडेखाली, म्हणजे त्या पुढच्या बाहूखाली, गंजाचा एक तांबडा ठिपका दिसला. निवृत्ती तेव्हा कोवळा होता, पोरका होता. शाळेच्या खिडक्यांना देऊन उरलेला हिरवा ऑइलपेंट त्याने मागून आणला, आणि तेलाने न्हालेल्या, हळदीने माखलेल्या मशीनला वरून तसाच चढवला. घासले नाही, खरवडले नाही. सणाच्या दिवशी कसे घासणार? भक्तीने दिला. देवाला वस्त्र द्यावे तसा दिला.

बाळू पेंटर दारावरून जाताना हसला होता. म्हणाला, "तेलावर रंग देतोस व्हय? अळवाच्या पानावर पाणी ठरंल, पर ह्यो ठरायचा न्हाई."

तो ठरला नाहीच. होळीपर्यंत पोपडे धरले. म्हणून पुढच्या खंडेनवमीला पुन्हा तेल, पुन्हा हळद, पुन्हा रंग. रंग उडे म्हणून रंग चढे, आणि रंग चढे म्हणून तो उडे. उणीव होती तिची रीत झाली. रीत होती तिचे कवच झाले.

आणि कवचाखाली बुजून गेली एक वेल.

ती वेल निवृत्तीपेक्षा त्याच्या आक्काला अधिक ठाऊक होती. हौसाक्का. आई लवकर गेली तेव्हा चुलीशी उभी राहिलेली, धाकट्या भावाला कडेवर घेऊन भाकरी थापणारी हौसाक्का. तिन्हीसांजेला आबा हात धुवायला उठले, की ती शेळीच्या मऊ कातड्याचा तुकडा घेऊन मशीनपाशी बसे. मशीनच्या काळ्याभोर, आरशासारख्या लाखेवर सोन्याची वेल होती. वेलीला पाने होती, पानांआड डाळिंबाची मिटली फुले होती. हौसाक्का एकेक पान पुसे. एकेक फूल उजळे. त्या घरात सोने म्हणून काही असेल तर ते तेवढेच होते, आणि ते तिच्या हाती सोपवलेले होते.

लग्न होऊन ती निपाणीला गेली. आबा गेल्यानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला माहेरी आली. उंबऱ्यापर्यंत आली. आत हिरवे मशीन पाहिले.

ती ओरडली नाही. रडलीही नाही. म्हणाली, "आबा एकदा गेलं हुतं. आज दुसऱ्यांदा गेलं."

भावाला तिने अंगणात ओवाळले आणि सांजेच्या गाडीने परत गेली. त्यानंतरही ती येत राहिली. लग्नाला आली, बारशाला आली, पुराच्या वर्षी तांदळाचे गाठोडे घेऊन आली. पण पायरीवर बसली, पायरीवर पाणी प्याली, दिवे लागायच्या आत उठली. त्या खोलीत तिने पाऊल घातले नाही. माहेरच्या जमिनीला पाठ लावली नाही.

यंदा कार्तिकात तिचा नवरा गेला.

दुःख झालेल्या बहिणीला भावाने चार दिवस घरी न्यावे, ही जनरीत. निवृत्ती निपाणीला गेला. हौसाक्का ओसरीवर तंबाखूची पाने निवडत होती. केस पांढरे, कपाळ मोकळे, बोटे मात्र तीच. चपळ, निमुळती, काम सोडून काही न जाणणारी.

"आक्का, चल. चार दीस घरला ऱ्हा."

"कुणाच्या घरला?"

"आपल्या."

"त्ये घर हाय व्हय अजून? मला वाटलं, रंगाचं दुकान झालं."

निवृत्तीने मान खाली घातली. मग, आधी काही न ठरवता, त्याच्या तोंडून निघून गेले, "मी रंग काढतो सगळा. मग येशील?"

तिची बोटे थांबली. पानावर पान तसेच राहिले. तिने वर पाहिले, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. रागापेक्षा खोल काही होते.

"आन् खाली काय नसलं तर?"

परतीच्या येष्टीत तो प्रश्न त्याच्या शेजारी येऊन बसला. संकेश्वरला माणसे उतरली, माणसे चढली. प्रश्न उतरला नाही. वेल नसली, तर आक्का यायची नाही. आणि आता नाही आली, तर पुन्हा कधी यायची? तिचे वय उतरणीला लागलेले, त्याचेही. काही उंबरे एका आयुष्यात ओलांडले नाहीत तर पुढे ओलांडता येत नाहीत.

दुसऱ्या सकाळी त्याने रापी घेतली.

चामडे कापायची ती रापी, अर्धचंद्राच्या पात्याची. तिने त्याने पोपटी सोलले. पोपटीखाली निळे निघाले, मुलाच्या नोकरीच्या वर्षीचे. निळ्याखाली केशरी, मुलीच्या लग्नाचे. केशरीखाली राखी, त्या वर्षी पुराने दुकानेच बुडवली होती आणि मिळेल तो रंग आणला होता. वर्षांमागून वर्षे पात्यावर गोळा झाली. भुरभुरत, कुरकुरत, गुंडाळत आली. त्याने जरा दाबून हात ओढला, मशीनच्या खांद्यावर, चाकाला लागून.

आणि पाते लोखंडाला लागले.

पांढरे, नागडे, थंड लोखंड. काळी लाख नाही. सोने नाही. तळहाताएवढा निव्वळ उजाडपणा.

खाली काही नव्हते. खाली लोखंड होते.

त्याने रापी ठेवली. मग स्वतःची समजूत घातली, की पात्याने खाल्ले असेल; पाते नको, थिनर घेऊ. थिनर आणले, फडके भिजवले, मशीनच्या खालच्या बैठकीच्या कोपऱ्याला लावले. रंग रडू लागले. पोपटी निळ्यात उतरला, निळा केशरीत, केशरी राखीत. एक मळकट ओघळ खाली आला. त्याने फडके फिरवले. फडके उलटून पाहिले.

फडक्यावर सोने होते.

क्षणभर त्याचा जीव हरखला, आणि त्याच क्षणी विझला. ते सोने मशीनवर नव्हते. ते फडक्यावर होते. वेलीचे एक पान त्याने पाहिले ते मेलेले पाहिले. म्हणजे वेल होती. अगदी आतापर्यंत होती. आणि ज्याने रंग विरघळतो, त्यानेच वेल विरघळते. काढावे तर जाते, न काढावे तर झाकलेलीच राहते.

फडके हातात धरून तो उंबऱ्यात बसला. ऊन कौलांवरून भिंतीवर आले, भिंतीवरून अंगणात. त्याच्यापुढची भाकरी वाळली.

शालन, त्याची बायको, ताट उचलायला आली. समजूत घालायचा तिचा स्वभाव नव्हता. "बैलाला रंगवल्यागत जल्मभर रंगवलंसा," ती म्हणाली, "आन् आता दोन दिसांत सोलाय निघालाईसा. कातडं न्हवं त्ये."

तिने खाली पडलेले पोपडे केरासाठी गोळा केले. एक मोठा पोपडा होता, सोंडेच्या मुळाशी आपसूक सुटलेला. टाकता टाकता तिने तो उलटा केला. थांबली. उन्हात धरला.

"अवं. ह्याच्या पाठीला हळद हाय बगा."

त्याने पाहिले. पोपड्याची पाठ पिवळी होती. पिवळी, तुपकट, आणि पिवळ्यात कुंकवाची एक लालसर चिरी. बोटाला तेलाचा ओशटपणा लागला. इतक्या वर्षांचे तेल, अजून न सुकलेले.

रंग वेलीला भिडलाच नव्हता. रंग हळदीला भिडला होता. हळद तेलावर तरंगत होती, आणि तेल मधे होते. त्या दिवशी त्या कोवळ्या, पोरक्या पोराने जे चुकीचे केले होते, ज्याला बाळू पेंटर हसला होता, ते मधे होते.

शालन म्हणाली, "भैरोबाची शेंदराची खोळ गळली तवा गुरवानं काय केलतं? सुरी लावली हुती? तेल सोडलं हुतं आन् गप बसला हुता. तुमास्नी तेवढं गप बसणंच जमत न्हाई."

मग तेल. पुन्हा तीळतेल, या वेळी कोमट. कापसाच्या वातीने, थेंबाथेंबाने, पोपड्यांच्या कडांतून आत सोडलेले. मशीन अंगणात घोंगडीवर ठेवले. मार्गशीर्षाचे ऊन त्याच्यावर पसरले. सौम्य, समंजस, आईच्या हातासारखे सावकाश. तेल उतरत राहिले. काळोखातून, कवचाखालून, वर्षांच्या तळाशी.

निवृत्ती जाऊन जाऊन बोट लावी.

"भात न्हाई त्यो," शालन घरातून म्हणे, "सारखं झाकण उघडाय."

तो मागे फिरे, खाटेवर बसे, उठे. कोंबड्या हाकी. सावली सरकली की घोंगडी सरकवी. दिवस गेला, काही झाले नाही. दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी, ऊन अगदी माथ्यावर, नदी अगदी निवांत, आणि अंगणात एक बारीक आवाज झाला. भाजल्या शेंगेचे टरफल फुटावे तसा.

तो गुडघ्यांवर बसला. बैठकीच्या कडेला अंगठ्याचे नख घातले. जोर केला नाही. श्वासही घेतला नाही.

कवच उचलले.

अखंड उचलले. शेंगेवरून टरफल, कणसावरून पाने, देवावरून खोळ. सगळी वर्षे एकाच तुकड्यात त्याच्या हातात आली; कडेला त्यांच्या रेघा दिसत होत्या, पोपटी, निळी, केशरी, राखी, आणि तळाशी तो पहिला शाळेच्या खिडकीचा हिरवा. आणि हिरव्याच्या मागे हळद. आणि हळदीखाली, तेलाच्या तलम पडद्यातून, काळे.

काळे. अमावस्येच्या डोहासारखे काळे. आणि त्या काळ्यावर वळत गेलेली, वळसे घेत गेलेली, पान उलगडत, फूल मिटत, पुन्हा पान उलगडत गेलेली सोन्याची वेल.

त्याने हाक मारली नाही. मग अगदी हळू, वेलीलाच सांगावे तसे म्हणाला,

"हाय."

शालन दारात आली होती.

"हाय गं शालन. हाय."

ती खाली वाकली. पाहत राहिली. तिने या घरात आल्यापासून मशीन रंगवलेलेच पाहिले होते. "वन्संचं म्हणणं उगाच न्हवतं की," ती म्हणाली, आणि पदराने डोळ्याची कड पुसली.

सांजेपर्यंत सोंड मोकळी झाली, चाक मोकळे झाले, पाय मोकळा झाला. त्याने काही नवे लावले नाही. ना लाख, ना रंग, ना चकाकी. तेल टिपले, हळद टिपली, आणि शेळीच्या मऊ कातड्याने पुसत राहिला. पुसता पुसता त्याला उमगले, की हे काम त्याने जन्मात प्रथमच केले होते. हे काम आक्काचे होते.

फोनवर तो आक्काला तोच एक शब्द बोलला, "हाय." मग हौसाक्का म्हणाली, "उद्या दुपारची गाडी हाय न्हवं?"

ती आली. हातात कापडी पिशवी, अंगावर फिकट लुगडे. पायरीशी थबकली. शालनने सवयीने पायरीवर पाण्याचा तांब्या ठेवला होता. हौसाक्काने तो उचलला, आणि चपला काढून, उंबरा ओलांडून, आत घेऊन गेली. आत बसून पाणी प्याली.

भावाकडे पाहिले नाही. मशीनकडे पाहिले. मग एक बोट पुढे केले आणि वेलीच्या मुळावर टेकवले. बोट निघाले. वळणावर वळले, पानावर थांबले, फुलाला वळसा घालून पुढे गेले; आंधळ्यानेही चुकू नये असे, पाठ असल्यासारखे. बैठकीच्या कोपऱ्याशी ते अडले.

"हितलं पान कुठाय?"

"माझ्या हातनं गेलं. चार दिसांमागं."

"किती?"

"येकच."

"येकच म्हणतोय," ती शालनला म्हणाली, "लहानपणी लाडूबी येकच खायाचा. डबा मोकळा हुस्तवर."

शालन हसली. निवृत्ती हसला नाही. त्याला अजून एक जागा दाखवायची होती, आणि दाखवायचे भय होते. चाकाला लागून, मशीनच्या खांद्यावर, तो तळहाताएवढा उजाडपणा. पांढरे लोखंड. त्याने तिथे बोट ठेवले.

"आक्का, हितलं तर सगळंच गेलंय. माझ्या रापीनं गेलं का काय, कळंना."

हौसाक्का वाकली. त्या पांढऱ्यावर तिने हात फिरवला. ते लोखंड खरखरीत नव्हते. ते गुळगुळीत होते, नदीतल्या गोट्यासारखे, वर्षानुवर्षे कोणीतरी न बोलता घोटलेले. तिने स्वतःचा डावा तळवा त्यावर ठेवला. तो पुरला नाही. चारी बाजूंनी लोखंड उरले.

"ह्ये तुझं न्हवं," ती म्हणाली. "दोरा ववताना आबा हितं हात टेकायचं. दम घ्यायला हितं. कुणी गिऱ्हाइक बोललं तर ऐकत बसायचं, त्येबी हितंच हात ठेवून. मी लगीन हून गेले तवाच हितलं सोनं गेल्यालं हुतं."

खोलीत ऊन होते. उन्हात धुळीचे सोनेरी कण होते.

मग तिने भावाचा हात धरला आणि तो त्या जागेशेजारी टेकवला, आणि बराच वेळ दोन्हीकडे पाहत राहिली; लोखंडाकडे, हाताकडे.

"तूबी हात हितंच टेकतोस का रं?"

"हितंच. सवय हाय."

"मग रंगवलं नसतंस, तर तुझा हात आबांच्या हातावर घासला असता. कवाच पुसला असता त्यो ठसा." ती थांबली. पुढचे बोलणे तिला जड जात होते; आयुष्यभर उलट दिशेने ओढलेला टाका उसवण्याइतके जड. "ऱ्हायला, तुझ्या रंगाखालीच ऱ्हायला. बरं केलंस."

बरं केलंस. दोन शब्द. निवृत्तीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरले. ते खाली पडल्याचा आवाज झाला नाही, पण खांदे वर आले.

शालनने वांग्याचे कालवण केले होते, ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. हौसाक्का पोटभर जेवली. कालवणात मीठ कमी म्हणाली, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतले. मग त्याच खोलीत, चामड्याच्या गुंडाळ्यांना टेकून बसली. "जरा पाठ टेकते," म्हणाली. "गाडीच्या वक्ताला उठवा."

निवृत्तीने एका चपलेचा पट्टा सोंडेवर चढवला आणि चाक फिरवायला घेतले. टक टक, टक टक. चाकाबरोबर वेल थरथरली, उन्हाचे कवडसे तिच्यावरून घरंगळले. थोड्या वेळाने त्याने मागे पाहिले. आक्काचे डोळे मिटले होते. झोपमोड नको म्हणून त्याने चाक थांबवले.

"थांबलास का?" डोळे न उघडता ती म्हणाली. "चालू दे. आबांचं चालायचं तवाच मला झोप लागायची."

त्याने चाक पुन्हा फिरवले. दूर, नदीपलीकडच्या वळणावर, निपाणीच्या गाडीने हॉर्न दिला. शालन दारात आली, झोपलेल्या नणंदेकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. निवृत्तीने नुसती मान हलवली. गाडी थांबली असेल. गाडी निघाली असेल. शालनने वळचणीची वाकळ आणून हौसाक्काच्या पायांवर टाकली.

टाका पडत होता. टाक्यामागे टाका, टाक्यामागे टाका. झोप गाढ होत गेली, श्वास लांब होत गेला; आणि कित्येक वर्षे आवळलेली, कामाने करकचलेली तिची मूठ माहेरच्या जमिनीवर, एकेक बोट करत, सावकाश उघडली.